ओरखडे

वस्तू जपणारी माणसे मला नेहमीच आवडत आली आहेत, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. वेष्टन घातल्याशिवाय मला पुस्तक वाचायला सुचत नाही, आणि नवी छत्री पहिल्या पावसात नेणे अगदी जिवावर येते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत, मिनिआपोलिसला, मुलीकडे राहायला गेलो, तेव्हा तिच्या दिवाणखान्यातल्या लाकडी जमिनीच्या मी पहिल्याच दिवशी प्रेमात पडलो, यात नवल नव्हते.

घर 1920 च्या सुमाराचे. जमीन तांबड्या ओकच्या अरुंद पट्ट्यांची, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. वर पॉलियुरेथेनचा चकचकीत थर. ऊन आले की खिडकीची चौकट तिच्यात आरशासारखी उमटे.

आणि त्या घरात दोन कुत्रे आहेत! टिपू हा तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड. दारावरची घंटा वाजली की तो स्वयंपाकघरातून जो सुटतो, त्या धावेचा हिशेब जमिनीवर पांढऱ्या रेघांनी लिहिलेला राहतो. शिवाय बर्फासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वाळू पंजांना चिकटून आत येते. वाळूवरून पाय घासला की पॉलिश कागदाने घासल्यासारखेच. दुसरा भीम, बारा वर्षांचा काळा लॅब्राडोर. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

मी चिडलो, अर्थात मनातल्या मनात. लेकीच्या घरी बापाने उघड चिडू नये एवढे मला कळते. मग स्वभावाप्रमाणे माहिती काढत बसलो. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची जांका नावाच्या संशोधकाची एक रीत आहे. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी निम्मी लाकडात रुतवायला किती जोर लागतो ते पाहायचे. तांबड्या ओकला सुमारे 1,290 पौंड, हिकरीला 1,820. मी मुलीला म्हणालो, “तुम्ही हिकरीची जमीन असलेले घर पाहायला हवे होते.”

ती हसली. “बाबा, बहुतेक ओरखडे लाकडावर नसतातच. वरच्या थरावर असतात. खाली लोखंड असतं तरी उठले असते.”

मला गप्प बसावे लागले.

आता भीम. लॅब्राडोरसारख्या जड कुत्र्यांचे कमरेचे सांधे म्हातारपणी दुखू लागतात. गुळगुळीत जमिनीवर त्यांचे मागचे पाय फाकत जातात, नखे रोवून सावरू पाहावे तर नखेही घसरतात. भीम दोनदा असा बसकण मारून पडला आणि त्यानंतर दिवाणखान्यात येईनासा झाला. स्वयंपाकघरातल्या चटईच्या कडेवर तो उभा राही आणि आमच्याकडे पाहत राही. खोटे कशाला सांगू? मला आधी बरेच वाटले. म्हटले, निम्मे ओरखडे वाचले!

परंतु तसे उभे राहिलेले मी आधी कोणाला तरी पाहिले होते. कोणाला, ते आठवायला मला तीन-चार दिवस लागले.

1978 साली पुण्यात आम्ही स्वतःचा ब्लॉक घेतला. मोझाईकची फरशी दिवाळीआधी घासून अशी झळझळीत करून घेतली होती की येणारा प्रत्येकजण खाली पाहूनच बोले. त्याच सुमारास आई चिपळूणहून कायमची आमच्याकडे आली. तिच्या काठीच्या रबरी टोकाचे काळे डाग त्या फरशीवर उठत. मी तिला फक्त एकदा म्हणालो, “आई, काठी जरा उचलून टाकत जा.” ती “बरं हो” म्हणाली. पुढे ती बाहेरच्या खोलीत क्वचितच आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राही आणि दिवाळीला पाहुणे जमले तर फराळाची बशी आतच मागवी. आम्ही म्हणालो, आता तिचे वय झाले.

यावर कोणी म्हणेल, मग कशाला जपायच्या जमिनी? होऊ देत ओरखडे! मला हेही पटत नाही. ओकच्या झाडाला वाढायला दशके लागतात. अशी फळी साधारण 19 मिलिमीटर जाड असते, पण जिभेच्या वरचे, तासता येण्याजोगे लाकूड असते फक्त सहाएक मिलिमीटर. दर वेळी यंत्राने घासले की त्यातले थोडे जाते ते जातेच. आपण निष्काळजीपणाने वागायचे आणि त्याला कुत्र्यावरचे प्रेम म्हणायचे, म्हणजे पुढे त्या घरात राहणाराच्या वाट्याचे खाऊन टाकणे होय.

जमिनीची काळजी आईलाही होतीच. किंबहुना माझ्यापेक्षा अधिक होती. चिपळूणच्या घराची जमीन ती दर आठवड्याला शेणाने सारवायची. सारवण वाळले की आम्ही पोरे त्यावरून धावायचो, पोपडे निघायचे, आणि ती पुढच्या खेपेला पुन्हा हात फिरवायची. पोपड्यावरून ती कोणाला बोलल्याचे मला आठवत नाही. मी मात्र काठीच्या डागावरून बोललो. फरशी माझ्या आईला चालण्यासाठी होती की पाहुण्यांनी माझ्याविषयी काही म्हणावे यासाठी होती, हे तेव्हा मला कोणी विचारले असते तर मी रागावलो असतो.

हे सगळे मी मुलीला सांगितले नाही. भीमाबद्दल मात्र बोललो. तिच्या आणि जावयांच्या मनात तोच विचार चालला होता. पॉलियुरेथेनचा थर वर पातळ कवचासारखा बसतो. त्यावरचा एकच ओरखडा बेमालूम बुजवणे कठीण, बहुधा सबंध खोलीवर नवा हात द्यावा लागतो. उलट लाकडात मुरणारे मेणतेल मिळते. त्याला चकाकी कमी आणि ते वरचेवर लावावे लागते, पण खराब झाले तेवढ्याच जागी लावता येते. उन्हाळ्यात कुत्र्यांना आठवडाभर मित्राकडे ठेवून त्यांनी जमीन शेवटपर्यंत घासून घेतली आणि तेल दिले. अर्थात तेलाने घसरणे थांबत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत न सरकणाऱ्या लांब पट्ट्या अंथरल्या.

या दिवाळीला मी पुन्हा येथेच आहे. शनिवारी भीमाच्या पंजांमधले केस कापणे आणि नखे तासणे माझ्याकडे आहे. त्याची नखे काळी, आतला जिवंत भाग दिसत नाही, म्हणून फार थोडे थोडे तासावे लागते. टिपूने उठवलेल्या रेघांवर जुन्या धोतराच्या चिंधीने तेलही मीच लावतो. सोमवारपर्यंत नव्या रेघा आलेल्या असतात.

पट्टी संपते तिथून माझ्या खुर्चीपर्यंत दोन हात जमीन उघडी राहिली होती. भीम तिथवर येऊन थांबायचा. जावई म्हणाले, “बाबा, आणखी पट्टी टाकली तर सगळीच जमीन झाकली जाईल.” खरे होते ते. मी सोबत एक सोलापुरी सतरंजी आणली होती, तीस वर्षे घडी न मोडलेली, मुलीला द्यायला म्हणून. ती तिथे अंथरली, खाली जाळीचा तुकडा घातला. परवा भीम तिच्यावरून माझ्या पायाशी येऊन बसला. उठताना त्याच्या नखाने एक तांबडा दोरा वीतभर ओढून काढला आहे.