घाई नको

देवगडच्या हापूस कलमांना मोहोर आला, की मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना बागेत सगळ्यांचा एक फोटो हवा असतो. जरूर काढा. पण घाई नको.

सकाळचं ऊन तिरपं, मऊ असतं. दुपारी तेच डोळे मिटायला लावतं. आजीला कातळावरून चालायला वेळ लागतो. तिला आधी बसू द्या. नातवंडांना पाचोळ्यात धावू द्या. घाई नको. ‘हसा’ म्हणून हुकूम सोडला, की चेहरे आखडतात. कुणीतरी आपल्याला वेळ दिला, की माणूस आपोआप मोकळा होतो.

एरवी घरातही असंच असतं. मुलाला बोलतं करायचं असेल, तर त्याच्या शेजारी नुसतं बसावं लागतं.

आणि हो, फोटोसाठी मोहोराची फांदी ओढू नका. फळ तिथंच धरायचं आहे.