अनिकेत आणि बेघर

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत ‘अनिकेत’ असणे हे एक होय. ज्यास घर नाही, अथवा असूनही त्याविषयी ममत्व उरलेले नाही, तो अनिकेत. आपल्या समाजाने या स्थितीला केवढा मान दिला आहे! दारी आलेल्या संन्याशाचे आपण पाय धुतो. आणि त्याच संध्याकाळी कोणी मजूर गाठोडे घेऊन रात्रीपुरती पडवी मागू लागला तर गड्याला हाक मारतो. घर दोघांसही नाही. एकाने ते टाकले, दुसऱ्यास ते लाभलेच नाही. त्याग करावयाचा तर वस्तू आधी हाती असावी लागते. ही साधी गोष्ट आपला आदर आणि अनादर वाटताना आपल्या ध्यानात राहत नाही.

गाडगे महाराजांनी हा गोंधळ केला नाही. स्वतः ते गवताच्या झोपडीत राहिले आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांसाठी त्यांनी पक्क्या धर्मशाळा उभारल्या. आपले अनिकेतपण त्यांनी दुसऱ्यावर लादले नाही. तथापि धर्मशाळा ही मुळात वाटसरूसाठी असते. तिच्यात उतरणाऱ्याचे घर अन्यत्र कोठेतरी आहे, हे तिने गृहीत धरलेले असते. ज्याला परत जावयाचे ठिकाणच नाही, त्याचे काय करावे, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

मुंबई शहरापुढे हा प्रश्न उभा राहिला तो असा. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या मोडू लागल्या. जे न्यायालयात गेले त्यांत १९६१ साली तामिळनाडूतील सेलमहून कामाच्या शोधात आलेला एक मजूर होता. वीस वर्षे ज्याने एका शहराचे काम केले त्याचे ‘मूळ गाव’ कोणते समजावे, याचा निर्णय शासनाने परस्पर करून टाकला होता.

उच्च न्यायालयात या लोकांच्या वतीने एक कबुली देण्यात आली होती: पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयात महापालिकेने तीच कबुली त्यांच्यापुढे धरली. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी उत्तर दिले की, संविधानाविरुद्ध विबंध चालत नाही. मूलभूत हक्क कोणास सोडून देता येत नाहीत. आमच्या व्यवसायात हे तत्त्व नित्याचे, म्हणून आम्ही ते सहसा थांबून वाचत नाही. वास्तविक त्यात मोठा नैतिक विचार आहे. घराचा त्याग करणे संन्याशास शक्य आहे. परंतु माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा त्याग गरिबाने अगतिकतेने केला, तरी तो त्याग मानला जाणार नाही.

त्याच निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे सांगितले. पदपथावर माणूस राहतो तो हौसेने नव्हे. काम जवळ असते म्हणून. पदपथ गेला की काम जाते आणि काम गेले की जीवित धोक्यात येते. येथवर निकाल उदात्त आहे. पुढे मात्र तो हात आखडता घेतो. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, तेथे घर करण्याचा हक्क कोणास नाही, हे त्याने मान्य केले. आणि तेही खोटे नव्हे, कारण रस्त्यावर उतरून मोटारीखाली सापडणारा पादचारी पुष्कळदा तितकाच गरीब असतो. १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना मालवणी येथे वा अन्य सोयीच्या स्थळी पर्यायी जागा द्यावी, पण ती हटविण्याची पूर्वअट नव्हे, असे ठरले. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणास हटवू नये, एवढी पावसापुरती सवलत मिळाली. हक्काला तत्त्वतः मान्यता आणि प्रत्यक्षात मुदत! आमच्या मते या निकालाचे मोठेपण व त्याची उणीव एकाच ठिकाणी आहेत.

पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही व अहोरात्र उघडे, असे निवारागृह असावे असा आदेश दिला. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तीच मोजणी स्वीकारली. २०११च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार लोक बेघर नोंदविले होते. त्यांतले ९ लाखांहून अधिक शहरांतले. बृहन्मुंबईची संख्या सुमारे ५७ हजार. संख्या मोजावयाची कशी, हाही वादच आहे. रात्री पोलिसाला चुकवून निजणारा गणकालाही चुकवतोच.

निवारागृह बांधले की प्रश्न सुटला असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा हमालाच्या दृष्टीने पाहावे. बाजारपेठेपासून कोसभर दूर खाट मिळाली तर पहाटेचा माल चुकतो. बायकामुले एकीकडे, आपण दुसरीकडे. हातगाडी ठेवावयास जागा नाही. मग तो खाट सोडून दुकानाच्या पायरीवर परततो, आणि आपण म्हणतो, यांना सुधारावयाचेच नाही. फिनलंडमध्ये २००८ नंतर याउलट क्रम धरला गेला: आधी स्वतःच्या नावाचे भाड्याचे घर, मग व्यसनमुक्ती, नोकरी इत्यादी. तेथील जुन्या निवारागृहांचे रूपांतर घरांत करण्यात आले. आपल्याकडे पैसा तितका नाही हे खरे. परंतु क्रम पैशावर अवलंबून नसतो.

जनगणनेने बेघरांची ठिकाणे सांगताना पदपथ, पुलांखालची जागा, फलाट यांच्याबरोबर देवस्थानांचे आवारही नोंदले आहे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा कोठल्या ना कोठल्या देवस्थानाशी संबंध आहे. गोव्याच्या मंगेशाने सोळाव्या शतकात कुशस्थळी सोडून फोंड्याच्या बाजूस आश्रय घेतला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ज्यांची दैवतेच एकदा परक्या राज्यात निवारा शोधीत आली, त्यांना ‘मूळ गावी परत जा’ हे शब्द काय असतात हे सांगावयास नको.

आणि तरीही जत्रेचे दिवस सोडले तर अग्रशाळांच्या कित्येक खोल्या कुलुपात असतात. समितीपुढे विषय काढला की विचारतात, एकदा आत आलेला माणूस निघालाच नाही तर? शंका अगदीच पोकळ नाही. परंतु केवळ परवानगीने, ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या जागेत भाडेकरूचे हक्क उत्पन्न होत नाहीत. महाराष्ट्राच्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात तर दारिद्र्य व आपत्ती यांचे निवारण हा धर्मादाय उद्देश म्हणून ९व्या कलमात आरंभीच घातला आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी नगरपालिकेने व्यवस्था पाहावी व देवस्थानाने दोन खोल्या द्याव्यात, असा करार दोन पानांत लिहिता येतो.