टक् होण्याआधी, टक् झाल्यावर

बस. पाठ सैल सोड. श्वास घे. सावकाश सोड.

समोर कॅरमचा पट आहे. त्यावर पावडरीचा पातळ थर. मधोमध एकच सोंगटी. अलीकडच्या रेघेवर स्ट्रायकर.

दोघांकडे नुसतं बघ.

स्ट्रायकर 15 ग्रॅमचा. सोंगटी 5 ग्रॅमची. सोंगटी स्वस्थ आहे. तिचा वेग शून्य, म्हणून संवेगही शून्य.

आता स्ट्रायकरला टिचकी मार. तो निघतो. सरळ सोंगटीच्या रोखाने, सेकंदाला 2 मीटर.

मनातच त्याला वाटेत थांबव. टक्कर अजून व्हायची आहे.

वस्तुमान गुणिले वेग. 15 गुणिले 2. तीस. ग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा त्याचा संवेग.

संवेगाला दिशाही आहे. त्या दिशेने मनात एक बाण काढ. बाणाकडे बघत राहा.

श्वास घे. सोड.

आता स्ट्रायकरला जाऊ दे.

टक्.

इथे थांब. हा क्षण अगदी लहान आहे. तो उघडून बघ.

स्ट्रायकर सोंगटीला पुढे ढकलतो. सोंगटी स्ट्रायकरला मागे ढकलते. तेवढ्याच बलाने. तेवढाच वेळ.

सोंगटी हलकी आहे, तरी तिचं ढकलणं कमी नाही. स्ट्रायकर जड आहे, तरी त्याचं जास्त नाही.

म्हणून एकाचा संवेग जितका घटतो, तितकाच दुसरीचा वाढतो.

यापाशी थोडं राहा. घाई नाही.

टक्करीत ऊर्जा जराही गेली नाही असं धरू. स्ट्रायकर आता सेकंदाला 1 मीटरने सरकतो. सोंगटी 3 मीटरने. 15 गुणिले 1, पंधरा. 5 गुणिले 3, पंधरा.

बेरीज कर. तीस.

पण खऱ्या पटावर तो ‘टक्’ ऐकू आला होता. थोडी ऊर्जा आवाजात गेली, थोडी उष्णतेत. म्हणून खरे वेग जरा निराळे असतात. संवेगाची बेरीज मात्र तीसच राहते.

पुन्हा श्वास घे.

आता मध्ये सगळा डाव मांड. 9 काळ्या, 9 पांढऱ्या, एक राणी. तोच स्ट्रायकर, तोच वेग.

टक्. सोंगट्या चहूकडे उधळतात.

त्या विखुरलेल्या पटाकडे शांतपणे बघ. प्रत्येक सोंगटीला तिचा बाण दे. स्ट्रायकरलाही दे.

डावीकडचे बाण उजवीकडच्यांना पुरते खोडून काढतात. मागे येणारे पुढच्यांतून वजा होतात. उरतो एकच बाण. पुढे जाणारा. तीस.

1669 साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी हेच मांडलं: उलट दिशेची गती वजा धरली, तर टक्करीआधीची आणि नंतरची बेरीज सारखीच येते.

आता वाट बघ. सोंगट्या मंदावतात. एकेक थांबते.

ते तीस कुठे गेले?

घर्षणाने सोंगट्यांना अडवलं, आणि सोंगट्यांनी पटाला पुढे रेटलं. पटाने टेबलाला. टेबलाने जमिनीला. संवेग पृथ्वीकडे गेला. ती इतकी प्रचंड, की तिचं हलणं कुणाला जाणवत नाही.

आणि टिचकी मारताना? तेव्हा तुझ्या शरीरातून पृथ्वीला तेवढाच रेटा मागे मिळाला होता. आधी तीस मागे, मग तीस पुढे. हिशेब पुरा झाला.

उद्या वहीत टक्करीचं गणित येईल. सूत्र लिहिण्याआधी पेन खाली ठेव. स्वतःला विचार: आधी किती होतं, आणि कोणत्या दिशेने? उत्तर डोळ्यांपुढे येईपर्यंत थांब. मग लिही.