हवा मोजणारा माणूस

बंद पाणबुडीत माणसाला सर्वांत मोठा धोका कशाचा, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, प्राणवायू संपण्याचा. प्रत्यक्षात तो संपायच्या पुष्कळ आधी माणूस स्वतःच्याच उच्छ्वासाने बेजार होतो. आपण जेवढा ऑक्सिजन घेतो, जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद जागेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ वर येईपर्यंत कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या वर गेलेला असतो. मोकळ्या हवेत तो असतो जेमतेम ०.०४ टक्के. एक वायू पाचव्या हिश्शाने घटतो, तोवर दुसरा सत्तर-ऐंशी पट वाढलेला असतो. डोके ठणकू लागते, धाप लागते.

ही धापसुद्धा त्या दुसऱ्या वायूमुळेच लागते. श्वासाची लय मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. (झाडांच्या प्रयोगांचा प्रीस्टली वेगळा, तो पुढे येईल.) उच्छ्वास साठू न देता नुसता ऑक्सिजन कमी करत नेला तर जीव घुसमटत नाही. माणूस उलट खुशीत येतो, साधी बेरीज चुकू लागतो आणि काही कळायच्या आत कोसळतो. या सगळ्या विषयाच्या मुळाशी मला हीच गोष्ट दिसते. ज्याच्यावाचून आपण काही मिनिटेही तग धरू शकत नाही, तो वायू कमी पडल्याची वेळेवर वर्दी देणारी सोय आपल्या शरीरात नाही. उघड्यावर जगणाऱ्या प्राण्याला ती बहुधा कधी लागलीच नाही. बंद जागेत मात्र हे काम कोणाला तरी नेमून द्यावे लागते.

अणुपाणबुडीत ऑक्सिजन तयार करणे हे तुलनेने सोपे काम आहे. समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचे, त्यातून वीज सोडायची. पाण्याचे दोन वायू होतात. हायड्रोजन समुद्रात सोडून द्यायचा, ऑक्सिजन हवेत मिसळायचा. माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तेवढा एक लिटरभर पाण्यातून निघतो. वीज लागते माणशी रोज साधारण पाच युनिट. शंभर जणांच्या पाणबुडीला रोज पाचशे युनिट म्हणजे घरगुती बिलाच्या मानाने पुष्कळ झाले; अणुभट्टीला त्याचे काहीच नाही.

खरी कसरत उच्छ्वास काढून टाकण्याची. त्यासाठी अमाइन नावाचे अमोनियासारख्या वासाचे रसायन वापरतात. थंड असताना ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, तापवले की सोडून देते. मग तो वायू दाबाने समुद्रात ढकलतात. हे चक्र रात्रंदिवस चालते, तरी हवा कधी पूर्ण स्वच्छ होत नाही. पाणबुडीत कार्बन डायऑक्साइड सहसा बाहेरच्या कित्येक पट असतो. अमाइनचा, तेलाचा, स्वयंपाकाचा मिळून एक वास कपड्यांत मुरतो आणि गस्त संपवून घरी आलेल्या माणसाबरोबर तो घरात येतो. ऑक्सिजन मात्र मुद्दाम बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात, कारण तो जास्त असला की आग भडकते.

सगळ्याच पाणबुड्यांत अणुभट्टी नसते. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-विजेवर चालतात. बॅटऱ्या भारित करण्यासाठी त्यांना अधूनमधून वर येऊन नळी पाण्याबाहेर काढावी लागते, कारण डिझेल इंजिनालाही हवा हवीच. हे वर येणे कमी व्हावे म्हणून अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने इंधन-विद्युतघटावर चालणारी यंत्रणा तयार केली. मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी झाली. तिच्यासाठी द्रवरूप ऑक्सिजन बरोबर न्यावा लागतो.

वीज गेली तर काय? त्यासाठी असतात ऑक्सिजनच्या मेणबत्त्या. मेणाचा त्यात अंशही नसतो. सोडियम क्लोरेट आणि थोडा लोखंडाचा चुरा यांचा तो घट्ट दंडगोल. पेटवला की लोखंड जळते, त्या उष्णतेने क्लोरेट फुटते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. उरते ते बहुतांशी मीठ. विमानात आणीबाणीच्या वेळी डोक्यावरून मुखवटे खाली येतात, त्यामागेही अनेक विमानांत अशीच लहानशी कुपी असते. रशियन पाणबुड्यांत पोटॅशियम सुपरऑक्साइडच्या पट्ट्या असतात. त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि ऑक्सिजन देतात. दोन्ही कामे एकाच पदार्थात, विजेशिवाय.

पण ऑक्सिजन ठासून भरलेला पदार्थ म्हणजे आगीचे अर्धे सामान. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी स्फोटांनी तळाशी गेली, तेव्हा ११८ पैकी २३ जण जिवंत होते आणि ते शेवटच्या, नवव्या कप्प्यात जमले होते. जवळ सुपरऑक्साइडच्या पट्ट्या होत्या. चौकशीत असे निष्पन्न झाले की एका पट्टीचा तेलकट पाण्याशी संपर्क आला आणि भडका उडाला. उरलासुरला ऑक्सिजन त्यानेच खाल्ला. मीर अंतराळस्थानकात २३ फेब्रुवारी १९९७ रोजी ऑक्सिजनच्या मेणबत्तीचा एक डबा पेटला. सहाही जण बचावले. मार्च २००७ मध्ये आर्क्टिकच्या बर्फाखाली ‘टायरलेस’ या ब्रिटिश पाणबुडीवर मेणबत्ती फुटली आणि दोन नौसैनिक गेले.

मग झाडे का नकोत, हा प्रश्न साहजिक आहे. जोसेफ प्रीस्टलीने १७७१ मध्ये पाहिले होते की मेणबत्तीने बिघडवलेली बंद हवा पुदिन्याच्या रोपाने सुधारते. त्याच कल्पनेचा भव्य अवतार अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटात उभा राहिला. ‘बायोस्फिअर २’ : काचेखाली तीन एकरांहून थोडे मोठे जग, त्यात वर्षावन, शेती, छोटा समुद्रसुद्धा. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे दोन वर्षांसाठी आत गेली आणि दार बंद झाले.

ऑक्सिजन उतरू लागला. एकदम नव्हे, महिन्यामहिन्याने, सावकाश. सोळा महिन्यांत तो जवळपास १४ टक्क्यांवर आला, म्हणजे हवेच्या दृष्टीने माणसे चार हजार मीटर उंचीवर जाऊन बसली. जिने चढवेनात, झोपेत श्वास अडून जाग येऊ लागली. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कोडे असे होते की तो कोणी खाल्ला? शेतीसाठी आणलेल्या सेंद्रिय खताच्या सकस मातीतले सूक्ष्मजीव, असा संशय होता. पण त्यांनी खाल्ला असता तर त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, आणि तेवढा तो वाढलेला नव्हता. जेफ सेव्हरिंगहाउस या तरुण संशोधकाने बांधकामातले काँक्रीट तपासले. नव्या काँक्रीटमधला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत होता आणि भिंतींत त्याची चुनखडी होत होती. ऑक्सिजन मातीने खाल्ला आणि त्याचा पुरावा भिंतींनी गिळला. भिंतींचे हे काम आतल्यांना जाणवणे शक्यच नव्हते. मोजमापे होती म्हणून उलगडले.

अमेरिकी पाणबुड्यांत अशा मोजमापासाठी स्वतंत्र यंत्रणा असते. वेगवेगळ्या कप्प्यांतली हवा नळ्यांनी ओढून ती पुन्हा पुन्हा तपासली जाते आणि ते आकडे पाहणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. माझ्या मते बंद जागेत जगण्याच्या कलेतला सर्वांत मोठा शोध ऑक्सिजन तयार करणाऱ्या यंत्राचा नव्हे, या नेमणुकीचा आहे.

आणि म्हणूनच मला आपल्याकडच्या त्या बातम्या वाचवत नाहीत. मैल्याच्या टाकीत एक कामगार उतरतो, वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीत ऑक्सिजन कमी असतो, हायड्रोजन सल्फाइड जास्त. त्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि धोका टळला असे वाटते. विहिरीचा गाळ काढण्याआधी पेटता कंदील सोडून पाहायची जुनी रीत ऑक्सिजनपुरती ठीक होती. मिथेन असलेल्या टाकीत तीच ज्योत जीव घेईल. सुरक्षासाधनांशिवाय माणूस टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. ती मिळते माणूस गेल्यावर.

हे काम यंत्रानेच व्हायला हवे. पण जिथे, कोणत्याही कारणाने, माणूस बंद जागेत उतरणार असेल, तिथे हातात मावणारे चार वायूंचे मापक दोरीने तळापर्यंत सोडून आधी आकडा वाचला पाहिजे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचे नाही, हा औद्योगिक सुरक्षेतला रूढ दंडक आहे. ते मापक आणि वर, टाकीच्या तोंडाशी, ते वाचणारा नेमलेला माणूस, या दोन गोष्टी प्रत्येक नगरपालिकेच्या आणि प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या ठेक्यात लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्यांवाचून बिल मंजूर होता कामा नये.