चल प्रतिष्ठा

बदलीचा हुकूम हाती पडल्यापासून नव्या कचेरीत रुजू होईपर्यंतच्या आठदहा दिवसांत, मुलांचे शाळेचे दाखले, वाण्याची बाकी, घरमालकास परत करावयाची किल्ली आणि रात्री डोळ्यास डोळा न लागणे या सर्वांशी एकाच वेळी झुंजणाऱ्या मनुष्यास जर कोणी अगदी निरुपयोगी असे काही देत असेल, तर तो वैराग्याचा उपदेश होय. रत्नागिरीहून अकोल्यास माझी बदली झाली तेव्हा तो मला सढळ हाताने मिळाला. निरोप द्यावयास आलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनी तर गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणांत ‘अनिकेत’ हेही एक लक्षण असल्याचे स्मरण करून दिले, आणि मग चहाचा दुसरा पेला मागितला.

‘अनिकेत’ म्हणजे ज्याला घर नाही तो. शब्द मूळचा संन्याशाला शोभणारा. परंतु ज्या अर्जुनाच्या कानी तो घातला गेला तो पक्का गृहस्थ होता व गेलेल्या राज्यासाठी शस्त्र घेऊन उभा होता. ही अडचण ओळखूनच टिळकांनी ‘गीतारहस्या’त, घरात ज्याचे मन अडकून पडलेले नाही तो अनिकेत, असा अर्थ लावला, आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस धाडलेल्या पुरुषाने तुरुंगात बसून तो लावावा, याला वजन आहेच. तरीही माझे समाधान होत नाही. मन कधी गुंतलेच नसेल तर घर सोडताना त्याने सोडले तरी काय? गृहस्थाश्रमाला एकदा धर्म म्हटले की चूल, उंबरठा आणि शेजार यांत जीव अडकणे हे त्या धर्माचे आचरणच ठरते, आणि निघतेवेळी पोटात होणारी कालवाकालव ही त्या आचरणाची पावती.

मला उत्तर सापडले ते पूजाविधीत. भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावरची आपली टीका एकनाथांनी पैठणास आरंभून इ. स. १५७३ मध्ये काशीस पुरी केली, प्रतिष्ठा दोन प्रकारची सांगितली आहे, चल आणि अचल. अचल मूर्तीस आवाहन नाही, विसर्जनही नाही. चल मूर्तीच्या बाबतीत ती दोन्ही ऐच्छिक. नुसत्या आखलेल्या भूमीवर, म्हणजे स्थंडिलावर, पूजा मांडावयाची तर मात्र दोन्ही आवश्यक. हलणाऱ्या देवाचे देवपण येथे कोठेही उणे धरलेले नाही. आणि नव्या गावचे रिकामे बिऱ्हाड हे स्थंडिल नव्हे तर काय? आम्ही नोकरदार माणसे जुन्या घराचे विसर्जन न करताच मालमोटारीत बसतो, नव्याचे आवाहन न करताच त्यात राहू लागतो, आणि मग महिनोन्महिने जेवण गोड लागत नाही म्हणून पाण्याला दोष देतो.

बदल्यांच्या मोसमात देव पाण्यात घालून बसणारे पुष्कळ असतात; आमचे तांदळात गेले. निघण्याच्या दिवशी पत्नीने टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा धुऊनपुसून तांदळाच्या डब्यात ठेवली. तुळशीवृंदावन मात्र जांभ्या दगडाचे आणि घरमालकाचे. तिने वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळल्या, फुंकर घालून फोल उडविले व उरलेले बी, दुसरा कागद हाताशी नव्हता म्हणून, माझ्या बदलीच्या हुकुमाच्या लखोट्यात भरले. (सरकारी कागदाचा इतका सदुपयोग माझ्या उभ्या नोकरीत मला साधलेला नाही.)

अकोल्याच्या काळ्या मातीने भरलेल्या वनस्पती तुपाच्या डब्यात त्यातले अर्धे बी वैशाखात पेरले, ते उन्हाने करपले. उरलेले मृगाच्या पावसानंतर पेरले, तेव्हा चार रोपे वर आली. कार्तिकात शेजारणीने त्यांतले एक ‘रत्नागिरीची तुळस’ म्हणून लग्न लावावयास नेले. आमची तिन्ही अजून डब्यातच आहेत, आणि डबा रस्त्याकडच्या खिडकीत.