नाव तेच, रंग दुसरा

आमच्या घरी एक जुनी वही आहे. घरातील जन्म, मुंजी, विवाह आणि मृत्यू यांची नोंद तीत दोन पिढ्या होत आली. आजोबांनी ती सुरू केली, वडिलांनी पुढे चालविली, आणि दोघांनीही ती निळ्या-काळ्या शाईनेच लिहिली. गेल्या वर्षी वडील निवर्तले. तेरावा झाल्यावर त्यांच्या निधनाची नोंद करण्याचे काम आमच्याकडे आले. वडिलांची झरणी होतीच. बाटलीतली शाई मात्र वाळून गेली होती. म्हणून इंदूरच्या खजुरी बाजारात जाऊन त्याच नावाची, त्याच कारखान्याची नवी बाटली आणली आणि नोंद लिहिली. अक्षरे उमटली ती स्वच्छ निळी. दिवस गेला, आठवडा गेला, महिना लोटला. ती निळीच राहिली. वरच्या ओळीत वडिलांनी २००४ साली केलेली आईच्या निधनाची नोंद काळीभोर, आणि तिच्याखाली त्यांची स्वतःची नोंद मात्र परक्या रंगात!

आम्ही बाटली घेऊन पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराने बाटलीवरील नावावर बोट ठेवले व म्हटले, "काका, नाव वाचा, तीच आहे." तो खोटे बोलत नव्हता. आमचे डोळेही खोटे सांगत नव्हते. या दोन खऱ्यांच्या मध्ये जो प्रश्न उभा राहिला, त्याचा विचार वाचकांसमोर मांडावा असे वाटते. नाव तेच राहिले आणि वस्तू बदलली, तर दोष कोणाचा? आणि ज्याची आवडती वस्तू अशी हातची गेली, त्याने काय करावे?

विषय दिसावयास क्षुल्लक आहे. बॉलपेनच्या आणि मोबाईलच्या काळात झरणीने लिहिणारे उरले किती, आणि त्यांतही शाईच्या छटेसाठी मन खट्टू करून घेणारे किती, असे कोणी विचारील. तथापि मनाची परीक्षा मोठ्या प्रसंगांपेक्षा लहान वस्तूंतच अधिक नेमकी होते. शिवाय हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील लॅमी या कारखान्याने २०१६ साली 'डार्क लायलॅक' नावाची गडद जांभळी शाई थोड्या काळापुरती काढली होती. तिच्यावर पडणाऱ्या सोनेरी झाकेमुळे ती अनेकांच्या मनात भरली आणि बाजारातून गेल्यावर लोक तिच्या उरल्यासुरल्या बाटल्या शोधीत राहिले. २०२४ साली त्याच नावाची शाई पुन्हा विक्रीस आली. जुन्या चाहत्यांनी मोठ्या उत्सुकतेने जुने व नवे लिखाण शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि ही ती नव्हे अशी त्यांची निराशा झाली.

याच्या उलट उदाहरण वॉटरमन या नामांकित कारखान्याचे आहे. सुमारे २०१२ साली त्याने आपल्या शाईंची नावेच बदलली. 'फ्लोरिडा ब्लू'ची 'सेरेनिटी ब्लू' झाली, 'साउथ सी ब्लू'ची 'इन्स्पायर्ड ब्लू' झाली, 'हवाना'ची 'ॲब्सोल्यूट ब्राउन' झाली. नवे नाव वाचून आपली शाई गेली असे प्रथम पुष्कळांना वाटले. पण लिहून पाहिल्यावर आपली जुनीच शाई नव्या नावाने आली आहे अशी बहुतेकांची खात्री पटली. एकीकडे रूप तेच, नाम दुसरे. दुसरीकडे नाम तेच, रूप दुसरे. पहिल्याने माणूस क्षणभर गोंधळतो. दुसऱ्याने तो फसल्यासारखा होतो. असे का व्हावे?

आपल्या शास्त्रकारांनी ओळखीचा विचार करताना देवदत्ताचा दृष्टान्त वारंवार घेतला आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या गावी भेटतो. गाव निराळे, काळ निराळा, केस पिकलेले. तरी आपण म्हणतो, हाच तो देवदत्त. हे म्हणणे योग्य आहे, कारण मधल्या सर्व वर्षांतून तोच एक देह, तेच एक जीवन अखंड चालत आलेले असते. शाईचे तसे नाही. वडिलांच्या बाटलीतील शाई आणि आमच्या बाटलीतील शाई यांच्यामध्ये असा कोणताही अखंड धागा नाही. त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्यांना 'तीच' म्हणावयाचे ते एवढ्याचसाठी की, दोन्ही एकाच कृतीने केल्या आहेत असे करणारा सांगतो. म्हणजे शाईचे तेच-पण निसर्गाने दिलेले नसून माणसाने दिलेल्या शब्दावर उभे असते. बाटलीवरचे नाव हे केवळ नाव नव्हे; ते वचन आहे.

आता वचन देणाऱ्याची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. शाईसाठी लागणारे रंग शाईचा कारखाना बहुधा स्वतः करीत नाही. ते तो रसायनांच्या मोठ्या कारखान्यांकडून विकत घेतो. त्या कारखान्यांची मोठी गिऱ्हाइके म्हणजे कापडाचा, कागदाचा व कातड्याचा धंदा. त्या धंद्यांनी एखादा रंग टाकून दिला की त्याचे उत्पादन थांबते, आणि ओंजळभर रंग घेणाऱ्या शाईवाल्यासाठी ते कोणी चालू ठेवीत नाही. शाईला बुरशी येऊ नये म्हणून पूर्वी तीत कार्बोलिक आम्लासारखी द्रव्ये घालीत. ती शरीरास अपायकारक म्हणून पुष्कळ देशांत त्यांवर निर्बंध आले. लोहयुक्त शाई झरणीत वाळली तर आत साका धरते आणि पोलादी निब खाते, म्हणूनही अनेकांनी ती सोडली. अशा स्थितीत बदल करणे हा अपराध मानता येणार नाही. जे द्रव्य जगातूनच गेले ते आणावयाचे कोठून?

तर मग दोष कोठे? आमच्या मते दोष बदलात नसून मौनात आहे. ज्याला कृती बदलणे भाग पडले, त्याला खोक्यावर एक ओळ छापणे अशक्य नव्हते. 'घडण नवी, रंग पूर्वीपेक्षा वेगळा' एवढे पुरे होते. प्रत्येक बारीकसारीक फेरफार जाहीर करावा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या गुणासाठी गिऱ्हाईक ती वस्तू घेते तोच गुण गेला असेल, तर ते सांगणे हा व्यवहाराचा धर्म आहे. जुन्या नावाची पुण्याई घ्यावयाची आणि जुन्या गुणाचा निरोप मात्र सांगावयाचा नाही, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

इथपर्यंत विचार आला तेव्हा आमचे समाधान व्हावयास हवे होते. दोषी सापडला होता. परंतु मन शांत झाले नाही. आम्ही स्वतःलाच विचारले, खोक्यावर ती ओळ छापलेली असती, तर वहीतला तो निळा रंग आम्हांस खुपला नसता काय? प्रामाणिक उत्तर असे की, तेवढाच खुपला असता. म्हणजे आमच्या मनात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. एक तक्रार आणि दुसरे दुःख. तक्रारीला उत्तर देणारा कोणी असतो. दुःखाला तसा नसतो. कारखान्याने आमचा शब्द मोडला हे खरे. पण वडील गेले हे त्याने केलेले नव्हते, आणि शाई जुनी मिळाल्याने ते परत येणारही नव्हते. आपले दुःख दुसऱ्याच्या दोषाच्या खात्यावर मांडण्याचा मोह माणसाला फार असतो, कारण राग हा शोकापेक्षा सोसावयास सोपा असतो.

अशा वेळी पुष्कळ जण दुसरा मार्ग धरतात. तो म्हणजे साठा करण्याचा. पार्करच्या 'पेनमन सफायर' नावाच्या निळ्या शाईचे उत्पादन बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी तिच्या बाटल्या मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन घेणारे आहेत. आमच्याही मनात आले की, गावोगावच्या जुन्या दुकानांत धूळ खात पडलेल्या बाटल्या शोधाव्यात. पण शाई बाटलीतही स्वस्थ बसत नाही. पाणी उडते आणि ती दाट होते. लोहयुक्त शाईला हवा लागली की तळाशी साका बसतो. कधी बुरशी धरते. जी बाटली बदलापासून वाचविण्यासाठी कपाटात कोंडावी, ती कपाटातच बदलत असते. शिवाय साठा करणारा पुढे पुढे लिहिणेच कमी करतो, कारण प्रत्येक ओळीगणिक ठेवा आटत असतो. ज्या शाईचे प्रेम लिहिण्यामुळे जडले, तिच्यासाठी लिहिणेच थांबवावे, याहून चमत्कारिक गोष्ट कोणती?

या शोधाशोधीत एक गोष्ट मात्र नव्याने कळली, ती सांगण्याजोगी आहे. निळी-काळी शाई असे आपण म्हणतो तेव्हा निळा व काळा यांच्या मधली एखादी छटा आपल्या डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थ तसा नव्हता. मायफळ आणि हिराकस यांची जी जुनी लोहयुक्त शाई, ती ताजी असताना फिकी असते. कागदात मुरून हवा लागली म्हणजे हळूहळू काळी पडते. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तीत निळा रंग घालीत. इंग्लंडात हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ साली अशी निळी-काळी शाई बाजारात आणली. निळी उमटणारी आणि काळी होणारी, ती निळी-काळी. बदलणे हा तिचा दोष नव्हता. तोच तिचा धर्म होता. पुढे अनेक कारखान्यांच्या शाईतून लोह गेले आणि नाव तेवढे राहिले. म्हणून नवी शाई निळी उमटते आणि निळीच राहते. आम्ही मनाशी तक्रार केली होती की शाई बदलली. खरी गोष्ट अशी की, बदलणारी शाई जाऊन न बदलणारी आली होती!

तेव्हा आम्ही वही पुन्हा उघडली, आणि या वेळी पहिल्या पानापासून पाहिली. आजोबांच्या अगदी जुन्या नोंदी आज काळ्याही नाहीत. त्या तपकिरी झाल्या आहेत. म्हणजे जो रंग आम्ही 'घराचा रंग' म्हणून उराशी धरला होता, तो आजोबांनी लिहिताना पाहिलाच नव्हता. त्यांनी निळे अक्षर लिहिले, वडिलांनी ते काळे वाचले, आम्ही तपकिरी वाचीत आहोत. आजोबांच्या लहानपणी तर एकच छटा असावी ही अपेक्षाही नव्हती. काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून किंवा हिरडा व हिराकस एकत्र करून शाई घरीच होई. पुढे विकतच्या पुड्या आणि वड्या आल्या. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली जो धंदा सुरू केला आणि ज्यातून पुढे कॅमल शाईचे व कॅमलिनचे नाव झाले, त्याचा आरंभ 'हॉर्स ब्रँड'च्या अशा पुड्या-वड्यांनीच झाला. पाणी अधिक पडले की शाई फिकी, कमी पडले की दाट. दर घराची शाई निराळी, आणि त्याचे दुःख कोणालाही नव्हते.

जन्माच्या नोंदी वहीत वेगळ्या पानांवर आहेत. तेथे वडिलांच्या हातची शेवटची नोंद २०१७ सालची, आमच्या नातीच्या जन्माची. पान उजेडात धरले तेव्हा दिसले की तीही निळीच आहे. त्यांनाही ती नवी शाई भेटली होती. त्यांनी बाटली परत केली नाही, आम्हांपाशी कधी बोललेही नाहीत. समासात मात्र बारीक अक्षरांत त्यांनी दोन शब्द लिहून ठेवले आहेत: 'शाई बदलली.' जी ओळ कारखान्याने खोक्यावर छापली नाही, ती त्यांनी पुढच्या वाचणाऱ्यासाठी वहीत लिहिली, आणि नातीचे नाव घालून ते मोकळे झाले.

आम्हांस वाटते, या दोन शब्दांत आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. बदल झाला हे लपवू नये, आणि बदल झाला म्हणून लिहिणे थांबवू नये. कारखान्याला आम्ही एक पत्र पाठविले आहे. घडण बदलल्याचे खोक्यावर छापावे, एवढीच त्यात विनंती आहे. जुन्या बाटल्यांचा शोध सोडून दिला आहे. वडिलांच्या नोंदीसमोर, समासात, आम्हीही शाईचे नाव आणि साल लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील, त्यांनी तेवढे अवश्य करावे.