डिस्चार्ज कुठे अडतो, ते आधी बघ

प्रिय सोनू,


फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली आणि तू आता हॉस्पिटल मॅनेजमेंटला जायचं म्हणतेस. तुझ्या आईचा फोन आला होता. ‘पेशंट सोडून ही फायली काय बघत बसणार?’ असं तिचं म्हणणं. तिला सांग, या कामात पेशंट सुटत नाही. डॉक्टरने आपला पेशंट बघायचा, तुला कुणाच्याच वाट्याला न आलेलाही बघावा लागेल.

कोर्सचं फार मनावर घेऊ नकोस. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवतात, पुण्यात सिम्बायोसिसमध्ये शिकवतात. मिळेल तिथे मन लावून कर. पण हॉस्पिटल कळायला लागतं ते डिस्चार्जच्या दिवशी, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जा.’ घरचे पिशव्या भरून बसतात. रेसिडेंट ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला, त्यामुळे समरी लिहायची राहते. उरलेली औषधं फार्मसीला परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि सिस्टरला तेवढी उसंत नसते. मग फाइल विम्याच्या डेस्कवर, तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडे. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये बजावलं आहे. पण फाइल आपल्याच इमारतीतून दुपारी तीनला निघाली तर त्या नियमाचा काय उपयोग? संध्याकाळ होते. इकडे चिडचिड आणि तिकडे कॅज्युअल्टीत कुणाचे तरी वडील ट्रॉलीवर पडून, कारण वर बेड रिकामा नाही. तो बेड सकाळीच मोकळा व्हायला हवा होता! समरीचा मसुदा आणि औषधांची परती आदल्या संध्याकाळीच उरकली, तर यातले कितीतरी तास वाचतात. त्याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. रेसिडेंट, सिस्टर, फार्मसी आणि बिलिंग यांना एकत्र बसवणारं माणूस लागतं. ते माणूस तू व्हायचंस.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथे तुझी खरी परीक्षा आहे. आपल्याकडची बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलांच्या 2 टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जाते. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागायचं नाही, हेही त्यात आहे. एवढं असून रात्री दोन वाजता काउंटरवरचा मुलगा डिपॉझिट मागतो, कारण न मागितल्याबद्दल उद्या आपल्याला बोलणी बसतील अशी त्याला भीती असते. ती भीती घालवणं तुझं काम. ‘आधी दाखल कर, जबाबदारी माझी’ असं त्याला लेखी देऊन ठेव. आणि निधीत पैसे शिल्लक असताना कागद अपुरे म्हणून गरिबाला परत पाठवलं जाऊ नये, यासाठी मेडिकल सोशल वर्करला तुझ्या केबिनचं दार कायम उघडं असू दे.

इमारतीकडेही लक्ष ठेव. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला लागलेल्या आगीत 10 बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. मला अजून ते आठवलं की अस्वस्थ व्हायला होतं. वायरिंग, टाकीचे व्हॉल्व्ह, आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना: यांचा राउंड डॉक्टर घेत नाहीत. तो तू घ्यायचास, रात्रपाळीतसुद्धा, आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियनला नावाने ओळखायचंस.

पगार सुरुवातीला बेताचा असेल. बेड किती भरले, एवढंच विचारणारे वरिष्ठही भेटतील. त्यांना आकडे दे, पण कॅज्युअल्टीत पेशंट किती वेळ थांबला, तोही आकडा शेजारी लिहून दे.

फॉर्म भरण्याआधी एक कर. येत्या सोमवारी सकाळी आठला सिव्हिलला जा. केसपेपरच्या रांगेतल्या एखाद्या आजीला विचारून तिच्यासोबत राहा: केसपेपर, ओपीडी, रक्ततपासणी, औषधाची खिडकी. कुठे किती वेळ गेला आणि का, ते वहीत टिपून घे. रविवारी वही घेऊन इकडे ये, मग फॉर्मचं बघू.

तुझा,
मामा